बंपर पोलादाचाच हवा काय?

ऑफ-रोडिंग करणाऱ्या मंडळींत टायर, गिअर, इंजिन अशा प्रत्येक गोष्टीवर वाद रंगतात. पुढच्या बंपरवर मात्र एकमत दिसते. गाडी थार असो, जिम्नी असो की गुरखा, मूळचा प्लास्टिकचा बंपर काढून धातूचा बसवायचा तर तो लोखंडी पत्र्याचाच, म्हणजे माइल्ड स्टीलचा. ॲल्युमिनियमचे नाव काढले की ठरलेले उत्तर मिळते: तो पातेल्यांचा धातू, दगडावर आपटला की तडकेल. पोलाद वाकेल पण तुटणार नाही, वाकलेले ठोकून सरळ करता येईल आणि डोंगरातल्या लहानशा गावातही वेल्डिंगवाला सापडेल. शिवाय पैसे कमी लागतील ते वेगळेच.

हे मत अडाणीपणाचे नाही. त्यातला प्रत्येक मुद्दा कुठल्या ना कुठल्या खऱ्या अनुभवातून आलेला आहे, म्हणूनच त्याचे खंडन मुद्द्याला धरून करायला हवे. माझे म्हणणे असे, की जिम्नीसारख्या हलक्या गाडीला पुढे जाड ॲल्युमिनियम पत्र्याचा बंपरच योग्य. पोलादाची जागा त्याच्या मागे, चासीला भिडणाऱ्या ब्रॅकेटमध्ये आणि गाडीच्या पोटाखाली आहे.

तडकण्याची भीती आली कुठून? बहुतेक वेळा अलॉय व्हीलमधून. पावसाळ्यात खड्ड्यात आदळून अलॉय व्हीलचा काठ तुकडा उडून फुटलेला अनेकांनी पाहिला आहे. त्याच खड्ड्यात लोखंडी रिम नुसती चेमटते आणि टायरवाला ती ठोकून देतो. निरीक्षण अगदी खरे आहे. पण सर्वसाधारण अलॉय व्हील साच्यात ओतून केलेले असते. फुटलेल्या जागी नीट पाहिले तर धातू करडा, दाणेदार दिसतो. ओतताना सिलिकॉन मिसळलेल्या मिश्रधातूची ती खूण. असा ओतीव धातू फार ताणत नाही, थेट फुटतो. गिअरबॉक्सचे कव्हर दगडावर आपटून फुटते तेही याच जातीचे. बंपर मात्र लाटलेल्या पत्र्यातून दुमडून, वेल्ड करून बनतो आणि लाटलेल्या पत्र्याचा स्वभाव वेगळा असतो. 5052 जातीचा पत्रा, ज्यात सुमारे अडीच टक्के मॅग्नेशियम असते, तुटण्यापूर्वी साधारण 12 टक्के ताणतो. माइल्ड स्टील 23 टक्क्यांच्या आसपास ताणते, म्हणजे याबाबतीत पोलाद पुढे आहेच. पण 12 टक्के ताणणारा धातू काचेसारखा तडकत नाही. तोही वाकतो, चेमटतो, दबतो.

पातेल्याचेही तसेच. भांड्यांचे ॲल्युमिनियम जवळजवळ शुद्ध असते आणि शुद्ध ॲल्युमिनियम मऊ अवस्थेत 35 मेगापास्कलच्या आसपासच्या ताणाला कायमचे वाकते. 5052 चा कडक केलेला पत्रा त्यासाठी 190 मेगापास्कल मागतो. नाव एक असले तरी हे दोन धातू कामाला सारखे नाहीत. अमेरिकी लष्कराची एम113 ही चिलखती गाडी 1960 मध्ये सेवेत आली. तिचे कवच 5083 जातीच्या ॲल्युमिनियमचे आहे. पहिली लँड रोव्हर 1948 मध्ये आली तेव्हा ब्रिटनमध्ये युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून तिची बॉडी बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूची केली गेली. टंचाई सरल्यानंतरही कंपनीने ती पद्धत अनेक दशके सोडली नाही. तिची चासी आणि बंपर पोलादी होते, हे पूर्वपक्षाने जरूर दाखवावे. पण तो बंपर म्हणजे एक साधा आडवा चॅनेल होता. आज जिम्नीच्या नाकावर चढतात तसल्या रुंद दुमडी पत्र्याशी त्याची तुलना होत नाही.

आता ताकदीचा प्रश्न, कारण सगळा वाद तिथेच अडतो. माइल्ड स्टील 250 मेगापास्कलला वाकते, 5052 हे 190 ला. मग पोलाद जिंकले, असा हिशेब केला जातो. हा हिशेब दोन्ही पत्रे सारख्याच जाडीचे धरतो आणि चूक तिथेच होते. सारख्या जाडीचा ॲल्युमिनियम बंपर कोणी जाणता कारागीर बनवणारच नाही. लोखंडी बंपर साधारण 3 मिलिमीटर पत्र्याचा असतो असे धरू. त्याच्या जोडीला ॲल्युमिनियम 5 मिलिमीटर घेतात. पत्रा वाकायला करतो तो विरोध जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि ताठरपणा घनाच्या प्रमाणात. गणित घातले तर 5 मिलिमीटरचे 5052 कायमचे वाकण्याआधी 3 मिलिमीटर पोलादाच्या दुपटीहून थोडा जास्त भार घेते. ताठरपणा मोजला, तर ॲल्युमिनियम मुळात पोलादाच्या जवळपास एक तृतीयांशच ताठर असूनही जाडीमुळे हा पत्रा दीडपटीहून अधिक ताठर ठरतो. वजन मात्र चौरस मीटरमागे पोलादाचे साडेतेवीस किलो आणि ॲल्युमिनियमचे साडेतेरा.

यावर जाणकार लगेच विचारील, वेल्डिंगचे काय? प्रश्न रास्त आहे आणि ॲल्युमिनियमच्या बाजूने बोलणारे पुष्कळजण तो टाळतात. आर्गन वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतचा पट्टा मऊ पडतो. 5052 चा तो पट्टा पूर्ण मऊ झाला असे धरले, तर 190 चे 90 मेगापास्कल उरतात. पण वरचाच हिशेब पुन्हा करून पाहा. मऊ पडलेल्या जागीही 5 मिलिमीटर पत्रा 3 मिलिमीटर माइल्ड स्टीलच्या जवळपास बरोबरीला येतो. म्हणजे ॲल्युमिनियम बंपरची सर्वांत दुबळी जागा पोलादी पत्र्याइतकी, बाकी सगळीकडे तो वरचढ. अट एकच, सांधा नीट भरलेला हवा. 6061 जातीबाबत मात्र मी सावध राहीन. कागदावर ती 275 मेगापास्कल दाखवते, पण कडक अवस्थेत तिला धारदार घडी घातली की घडीवर चिरा पडतात आणि वेल्डजवळ ती पुष्कळ ताकद गमावते. दुमडी बंपरला 5052 किंवा 5083 घ्यावे.

पोलादाच्या समर्थकांचे या सगळ्यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते वजनाकडे, तेव्हा त्यावर जरा थांबू. पाच दारांची जिम्नी सुमारे 1,210 किलोची आहे आणि तिचे कमाल एकूण वजन 1,545 किलो. म्हणजे माणसे, सामान आणि आपण लावलेले सगळे मिळून 335 किलो. सरासरी 70 किलोची चार माणसे बसली की 280 संपले, उरले 55. आता दोन चौरस मीटर पत्र्याचा लोखंडी बंपर 47 किलोचा, त्याला 10 किलोचे ब्रॅकेट; झाले 57. काढलेल्या प्लास्टिक बंपरचे चार-पाच किलो वजा केले तरी गाडी भरली. दोर, जॅक, पाण्याचा कॅन ठेवायला कायदेशीर जागाच उरली नाही, आणि अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी विंच तर अजून लावायची आहे! तेवढाच ॲल्युमिनियम बंपर त्याच पोलादी ब्रॅकेटसह 37 किलोचा होतो.

त्यातही हे वजन बसते कुठे ते पाहा. बंपर पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकतो. त्याचे केंद्र ॲक्सलपासून 60 सेंटीमीटर पुढे आहे असे धरले, तर जिम्नीच्या 2,590 मिलिमीटर व्हीलबेसवर प्रत्येक किलो पुढच्या ॲक्सलवर 1.23 किलो होऊन पडतो आणि मागची चाके तेवढ्या फरकाने हलकी होतात. 57 किलोचा बंपर आणि 40 किलोची विंच मिळून पुढे सुमारे 119 किलो वाढतात, मागचे 22 किलो उचलले जातात. सह्याद्रीतल्या पावसाळी वाटेवर याचा अर्थ काय होतो? ओढ्यात उतरताना नाक खाली जाते आणि चिकण मातीत पुढची चाके आधी रुततात. चढावर वजन मागे सरकून पकड मिळायची, तीही काही अंशी पुढचा भार खातो. पुढची कॉइल स्प्रिंग बसली की नाक काही मिलिमीटर उतरते, म्हणजे चढाला भिडण्याचा जो कोन वाढवायला बंपर बदलला त्यातलाच थोडा परत जातो. मग मालक कडक स्प्रिंगा घेतो, त्यापायी शॉक ॲब्झॉर्बर बदलतो. 134 न्यूटन-मीटरच्या इंजिनाला हे ओझे रोज ओढावे लागते. दगडावर जोरदार आपटण्याचा प्रसंग वर्षातून एखाद्या वेळी येतो, वजन मात्र प्रत्येक किलोमीटरला सोबत असते.

विंच ओढताना ॲल्युमिनियम टिकेल का, असेही विचारतात. 9,500 पौंडांची विंच 4,300 किलोंच्या आसपास ओढते, तेव्हा शंका स्वाभाविक आहे. पण नीट बनवलेल्या बंपरमध्ये विंच पत्र्यावर बसतच नाही. ती पोलादी पाळण्यात बसते आणि पाळणा चासीच्या दोन्ही टोकांना बोल्टने आवळलेला असतो. ओढ पाळण्यातून चासीत जाते. बाहेरचा पत्रा फक्त झाकतो आणि आपटणे सोसतो. डी-शॅकल अडकवायचे कानही तसेच पाळण्याला हवेत, पत्र्याला नुसते वेल्ड केलेले नकोत. मग पत्रा लोखंडाचा असो वा ॲल्युमिनियमचा. आणि सिंथेटिक दोर वापरणारे पोलादाचे कट्टर समर्थकसुद्धा, दोर जिथून बाहेर पडतो ते गुळगुळीत तोंड ॲल्युमिनियमचेच लावतात.

पूर्वपक्षाचे जे खरे आहे ते आता मोकळेपणाने द्यायला हवे. वारंवार हादरे बसत राहिले तर पोलादाला एक मर्यादा असते, जिच्याखालचा ताण ते कितीही वेळा सोसते. ॲल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नाही. म्हणूनच ब्रॅकेट पोलादी हवेत आणि सांधे अधूनमधून तपासायला हवेत. (कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत गंजू लागलेल्या पोलादाची ती मर्यादाही टिकत नाही, हे सहसा कोणी सांगत नाही.) ॲल्युमिनियम आणि पोलाद उघडे एकमेकांना टेकले आणि मध्ये खारे पाणी आले, तर ॲल्युमिनियम खाल्ले जाते. त्यावर उपाय आहे: दोन्ही बाजूंना रंग, मध्ये नायलॉनची चकती, बोल्टाभोवती नळी. तो न करणाऱ्या कारागिराकडे काम देऊ नये. खडकावर घासताना ॲल्युमिनियम ओरखडते, अडकते, तर पोलाद सरकत जाते. म्हणून गाडीच्या पोटाखालची पट्टी आणि दारांखालचे स्लायडर पोलादाचेच असावेत. गोव्यात 2014 पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत, जिथे गाडी दिवसभर झाडा-दगडांवर आदळते आणि रात्री दुरुस्त होऊन सकाळी पुन्हा उभी राहायची असते, तिथे मीही पोलादी बंपरच घेईन. आर्क वेल्डिंगची सोय तिथे निर्णायक ठरते.

पण दुरुस्तीच्या सोयीचा हा मुद्दा सरसकट सगळ्यांना लावणे बरोबर नाही. ज्याची गाडी महिन्यातून एखाद्या रविवारी ताम्हिणी किंवा मुळशीच्या परिसरातल्या खासगी जागेवर जाते, त्याचा चेमटलेला बंपर त्याच संध्याकाळी सरळ व्हायची गरज नसते. तो गाडी घरी आणतो आणि शहरात आर्गन वेल्डिंग मिळते. शिवाय ठोकून सरळ केलेला लोखंडी पत्रा पूर्वीसारखा होतो, हाही समज तपासावा. घडीवर तो आधीच ताणून कडक झालेला असतो. त्याच घडीवर पुन्हा हातोडा मारत गेले की एक दिवस तिथेच चीर पडते.

दाटून भरलेला, अजिबात न दबणारा बंपर हे तर संकटच. त्याच्यावर बसलेला धक्का जिरत नाही, चासीच्या टोकांपर्यंत जातो. बंपर ठोकता येतो, वाकलेली चासी सहजी सरळ होत नाही. एअरबॅगला धक्का कळायची वेळही अशा बंपरने बदलू शकते, आणि समोर माणूस आला तर त्याची हाडे त्या लोखंडावर आदळतात. युरोपने 2005 मध्ये अशा पुढच्या जाळ्यांसाठी नियम केले ते पादचाऱ्यांच्या जिवासाठीच. आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवले, की परस्पर लावलेले क्रॅश गार्ड आणि बुल बार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चे उल्लंघन आहे. कायदा इथे धातू विचारत नाही, ॲल्युमिनियमला सूट नाही. तेव्हा वरची सगळी चर्चा स्पर्धेच्या आणि खासगी जागेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे.

अशी गाडी तुमच्याकडे असेल, तर फॅब्रिकेटरकडे गेल्यावर आधी भाव विचारू नका. मिश्रधातूचा क्रमांक कोणता, पत्रा किती मिलिमीटरचा आणि विंचचा पाळणा चासीला किती बोल्टांनी धरलेला आहे, एवढे विचारा. 5052 चा 5 मिलिमीटर पत्रा, पोलादी पाळणा आणि मध्ये नायलॉनची चकती असे उत्तर मिळाले, तर जिम्नीला निःशंकपणे ॲल्युमिनियम लावा. उत्तर देता आले नाही, तर त्याच्याकडून लोखंडी बंपरही घेऊ नका.