कृत्रिम पेशीपटल आणि जैवसंवेदक : टिकण्याची गोष्ट

आजचा भाग मी म्हैसूरच्या वेशीवरच्या हिनकलमधून करतोय. हुणसूर रस्ता आणि बाहेरचा रिंगरोड जिथे एकमेकांना मिळतात, तिथलं हे गाव. आता ते शहरातच मिसळून गेलंय. इथे काय किंवा सोलापूर-बेळगावात काय, सकाळी घराघरांत एक दृश्य हमखास दिसतं. आजोबा बोटाला सुई टोचतात, रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवतात आणि काही सेकंदांत साखरेचा आकडा येतो.

रक्तात हजारो पदार्थ असतात. मग त्या पट्टीला नेमकी साखरच कशी कळते? अशी निवड करण्याची कला मुळात आपल्या पेशींची. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असतं. काय आत घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं, हे ते ठरवतं. माणसाने हे पटल स्वतः बनवायला घेतलं आणि त्याला विजेचं यंत्र जोडलं, त्याचा हा इतिहास.

सुरुवात तेलापासून करू. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं. ते पसरत पसरत जवळजवळ अर्धा एकर पाणी शांत झालं. 1774 साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. तेलाचा थर किती पातळ झाला असेल, हा हिशेब मात्र त्यांनी केला नाही.

तो धागा पुढे नेला जर्मनीतल्या ॲग्नेस पॉकेल्स यांनी. मुलींना विद्यापीठाचं दार बंद होतं. घरची भांडी घासता घासता त्यांनी स्निग्ध थर पाण्यावर कसा वागतो ते पाहिलं आणि पत्र्याच्या पन्हाळीतून मोजमापाचं साधन तयार केलं. 1891 साली त्यांनी लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. रॅले यांनी ते ‘नेचर’मध्ये छापायला पाठवलं. पुढे अर्व्हिंग लँगम्युअर यांनी याच पद्धतीत सुधारणा करून एका रेणूइतक्या जाडीच्या थराचा अभ्यास केला.

1925 साली नेदरलँड्समध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींमधले स्निग्ध पदार्थ काढून पाण्यावर पसरले. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापत होते. म्हणजे पटलात दोन थर असणार! गंमत अशी, की त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. स्निग्ध पदार्थ पूर्ण निघाले नव्हते आणि पेशीचा पृष्ठभागही कमी धरला गेला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि उत्तर बरोबर आलं.

आता दुसरा धागा, संवेदकाचा. अमेरिकेत लेलँड क्लार्क हे रक्तातला प्राणवायू मोजू पाहत होते. उघडा प्लॅटिनमचा तुकडा रक्तात बुडवला, की प्रथिनं त्यावर चिकटायची आणि मोजणी बिघडायची. त्यांनी विद्युतअग्रावर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा ओढला. प्राणवायू आत जाई, प्रथिनं बाहेर राहत. हे 1956 चं. 1962 साली त्यांनी पापुद्र्यांच्या मधे साखरेवर काम करणारं एन्झाइम ठेवायची कल्पना मांडली. आजोबांच्या पट्टीचा वंश इथून सुरू होतो. म्हणजे संवेदकालाही पहिल्या पावलापासून पटलाचा आधार लागला. फक्त ते पटल प्लास्टिकचं होतं, पेशीसारखं नव्हतं.

त्याच 1962 मध्ये म्युलर, रुडिन, टिएन आणि वेस्कॉट यांनी मेंदूतून काढलेले स्निग्ध पदार्थ एका बारीक छिद्रावर ब्रशने पसरले. साबणाचा फुगा फुटण्याआधी वरच्या बाजूला काळपट दिसतो, तसा हा थर पातळ होत होत काळा झाला. तो होता दोन रेणूंच्या जाडीचा पडदा, माणसाने बनवलेला. विशिष्ट प्रथिन मिसळल्यावर तो विजेला मज्जातंतूसारखा प्रतिसादही देऊ लागला. दोन-तीन वर्षांत इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी दाखवलं, की असे स्निग्ध रेणू पाण्यात आपोआप मिटून सूक्ष्म पिशव्या बनवतात. त्यांना आपण लायपोसोम म्हणतो.

सगळं जमलं होतं, पण एक अडचण होती. हे पटल टिकत नव्हतं. टेबलाला धक्का लागला तरी फुटायचं. पुढचा सगळा इतिहास या अडचणीशी झगडण्याचा आहे.

1980 च्या दशकात काचेसारख्या घन पृष्ठभागावर पटल अंथरण्याची रीत आली. 1997 साली ऑस्ट्रेलियात ब्रूस कॉर्नेल आणि सहकाऱ्यांनी पटल सोन्याच्या पृष्ठभागाला रेणूंच्या दोऱ्यांनी बांधूनच टाकलं. त्यात ग्रॅमिसिडिन नावाच्या प्रतिजैविकाचे रेणू बसवले. याचे दोन रेणू समोरासमोर आले, की विद्युतभारित कणांना जाण्यासाठी वाट उघडते. खालचा रेणू बांधलेला, वरचा मोकळा आणि त्याला प्रतिपिंड जोडलेलं. शोधायचा पदार्थ आला, की प्रतिपिंड त्याला धरून ठेवतं, वरचा रेणू बाजूला अडकतो, वाट तुटते आणि प्रवाह घटतो. प्रवाह घटला, म्हणजे पदार्थ सापडला.

दुसरीकडे डेव्हिड डीमर आणि सहकारी पटलातल्या छिद्रातून डीएनए ओवत होते. हे डीमर 1975 साली बँगहॅम यांच्या प्रयोगशाळेत राहून आले होते. 1996 साली त्यांच्या गटाचा निबंध आला, 2014 मध्ये खिशात मावेल असं नॅनोपोअर यंत्र संशोधकांच्या हाती पडलं. पण त्यातलं पटल स्निग्ध पदार्थांचं राहिलं नव्हतं. प्रवासात टिकावं म्हणून ते कृत्रिम पॉलिमरचं केलेलं होतं. 2020 मध्ये हिनकलपासून फार लांब नसलेल्या नंजनगूडमध्ये कोरोनाची साखळी सापडली आणि सगळा म्हैसूर जिल्हा हादरला. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्समध्ये कर्नाटकातल्या नमुन्यांमधला विषाणू नॅनोपोअर यंत्राने वाचला गेला.

आपल्याकडची कामगिरी सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही. म्हैसूरची अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, सीएफटीआरआय, 1950 पासून राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा महालात आहे. तिथे एन. जी. करंथ, एम. एस. ठाकूर आणि सहकाऱ्यांनी एन्झाइमवर चालणाऱ्या जैवसंवेदकांवर अनेक वर्षं काम केलं. कीटकनाशक मज्जातंतूंमधलं एक एन्झाइम बंद पाडतं. तेच एन्झाइम संवेदकावर बसवलं आणि ते मंदावलं, की अन्नात विष आहे हे कळतं. आणि मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध लायपोसोममध्ये घालून वापरण्यावर काम केलं. मूळ औषध मूत्रपिंडांना फार त्रास देतं, पिशवीतून दिलं की तो कमी होतो. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत महाराष्ट्रातले नातेवाईक अशाच इंजेक्शनासाठी दारोदार फिरत होते, ते तुम्हाला आठवत असेल.

संवेदक असो की औषध, दोन्हींकडे प्रश्न एकच. प्रयोगशाळेच्या थंड खोलीत जे चालतं, ते एप्रिलच्या उन्हात, वीज गेलेल्या दवाखान्यात चालेल का? साखरेच्या पट्टीने ही परीक्षा पास केली, म्हणून ती आजोबांच्या हातात आहे. पेशीसारख्या पटलाच्या संवेदकांना ती अजून पुरती पास व्हायची आहे. तोवर ते मोठ्या संस्थांमध्येच राहतील आणि गावातला रुग्ण नमुना पाठवून उत्तराची वाट पाहत बसेल.

तुमच्या गावात कुठल्या तपासणीसाठी सगळ्यात जास्त थांबावं लागतं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.