मिनिएचर बॉल बेअरिंग म्हणजे काय? नव्या सप्लायरकडून घेताना काय तपासायचं?

ड्रोनची मोटर असो, मोबाईलचा गिम्बल असो की थ्रीडी प्रिंटर, जिथे काही सतत फिरतं तिथे आत बहुतेक वेळा छोटं बॉल बेअरिंग असतं. ते खराब झालं की आधी आवाज येतो, मग मोटर तापते, आणि ड्रोन असेल तर हवेतूनच खाली येऊ शकतो. नवीन बेअरिंग ऑनलाईन शोधलं की कधी न ऐकलेले सप्लायर दिसतात आणि ‘प्रिसिजन’ हा शब्द जवळपास प्रत्येकाच्या जाहिरातीत असतो. अशा नव्या सप्लायरची पारख कशी करायची ते आज मी सांगतो.

आत काय असतं?

एक बाहेरची रिंग, एक आतली रिंग, मध्ये पोलादी गोळ्या (सायकलवाले ज्यांना छर्रे म्हणतात) आणि गोळ्यांना एकमेकींपासून दूर ठेवणारा पिंजरा. गोळ्या घासत नाहीत, लोळतात, म्हणून घर्षण कमी होतं. १९५१ मध्ये फक्त मिनिएचर बेअरिंग बनवण्यासाठी सुरू झालेल्या जपानच्या मिनेबिया (आताची मिनेबियामित्सुमी) कंपनीने तर बाहेरचा व्यास फक्त १.४९ मिमी असलेलं बेअरिंग बनवलंय.

नंबर कसा वाचायचा?

फिजेट स्पिनर आणि स्केटबोर्डमध्ये ६०८ नंबर असतो. शेवटचा ८ म्हणजे आतलं भोक ८ मिमी. बाहेरचा व्यास २२ मिमी, जाडी ७ मिमी. ६२३ म्हणजे ३, १० आणि ४ मिमी. पुढे ‘झेडझेड’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, ‘टू-आरएस’ असेल तर रबरी सील. धुळीत काम असेल तर रबरी सील बरं, पण ते थोडं जड फिरतं.

‘प्रिसिजन’ म्हणजे नेमकं किती?

यासाठी एबेक नावाचं मानक आहे. त्यात १, ३, ५, ७ आणि ९ असे पाचच वर्ग आहेत. आकडा जितका मोठा तितकी मापातली चूक कमी. कुणी ‘एबेक ११’ विकत असेल तर तो वर्ग मानकात नाहीच. आणि एबेक फक्त मापाची आणि फिरण्याची अचूकता सांगतं. पोलाद, ग्रीस किंवा आवाज यांबद्दल काहीच सांगत नाही.

नव्या सप्लायरला हे विचारा

- तिन्ही मापं, एबेक वर्ग आणि सीलचा प्रकार लेखी मिळेल का?
- पोलाद कोणतं? साधं क्रोम स्टील गंजतं. ओलाव्यात ४४०सी स्टेनलेस घ्या. लोहचुंबक लावून हे ओळखता येत नाही, कारण ४४०सीलाही चुंबक चिकटतो.
- आत ग्रीस आहे की नुसतं तेल?
- सिरॅमिक म्हणत असेल तर फक्त गोळ्या की रिंगसुद्धा?

बेअरिंग खूप वेळ फिरत राहण्याच्या व्हिडिओवर मी निर्णय घेत नाही. ग्रीस नसलेलं कोरडं बेअरिंग हातात जास्त वेळ फिरतं, पण मोटरमध्ये लवकर झिजतं.

नामांकित ब्रँड स्वस्तात मिळतोय?

नकली बेअरिंगचा धंदा मोठा आहे. एसकेएफचं ‘ऑथेंटिकेट’ नावाचं मोफत ॲप आहे. त्यातून बेअरिंगचे आणि खोक्याचे फोटो पाठवले की कंपनीचे तज्ज्ञ तपासून सांगतात. नाव मोठं आणि किंमत अगदीच कमी दिसली, तर ही पाच मिनिटं नक्की द्या.

माझा सल्ला: नव्या सप्लायरकडून आधी दोन-चारच नग मागवा. व्हर्निअर कॅलिपरने तिन्ही मापं घ्या. बोटावर हळू फिरवून कुठे अडकतं का, खरखर लागते का ते बघा. मग मोटरमध्ये बसवून, ड्रोन असेल तर पंखे काढून, जमिनीवरच काही वेळ चालवा. आवाज आणि तापमान ठीक असेल तरच मोठी ऑर्डर द्या.