सापडलेल्या मुलांचं पुढे काय झालं?

मुंबई दूरदर्शनवर पूर्वी 'आपण यांना पाहिलंत का?' लागायचं. आठवतंय ना? हरवलेल्या माणसाचा फोटो, वय, उंची, रंग, अंगावरचे कपडे... आमच्याकडे तेव्हा जेवणं चाललेली असायची. एखाद्या लहान मुलाचा फोटो आला की घास हातातच राहायचा.

हे सगळं आठवलं ते एका इंग्रजी गाण्यामुळे. रॉक म्हणजे नुसता धांगडधिंगा, असं माझं जुनं मत. भाचीने हट्टाने हे गाणं दाखवलं आणि मी गप्प झाले. मग शिक्षकी सवयीप्रमाणे त्याचा इतिहास शोधत बसले.

'सोल असायलम' हा अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचा बॅण्ड. बरीच वर्षं धडपड केल्यावर 1992 मध्ये त्यांचा 'ग्रेव्ह डान्सर्स युनियन' हा आल्बम आला. त्यातलं 'रनअवे ट्रेन' हे गाणं 1993 मध्ये बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोचलं आणि 1994 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॉक गीताचं ग्रॅमी मिळालं. गायक डेव्ह पर्नर यांनी ते स्वतःच्या नैराश्यातून लिहिलं होतं. ताबा सुटून धावत सुटलेली आगगाडी, तशी मनाची अवस्था. हरवलेल्या मुलांचा त्यात उल्लेखही नाही!

मग मुलं आली कुठून? इंग्रजीत 'रनअवे' म्हणजे ताबा सुटलेली गाडी, आणि घरातून पळून गेलेलं मूलही. व्हिडिओचे दिग्दर्शक टोनी के यांनी हा दुसरा अर्थ धरला. बॅण्ड गातोय, मधे मधे घरातली मारहाण, पळणारी मुलं असे प्रसंग, आणि त्यातच खऱ्याखुऱ्या बेपत्ता मुलामुलींचे फोटो, नाव आणि कधीपासून बेपत्ता ते साल. वेगवेगळ्या देशांसाठी तिथल्या मुलांचे फोटो घातलेल्या वेगळ्या आवृत्त्या काढल्या होत्या.

अमेरिकेत या विषयाला आधीची पार्श्वभूमी होती. 1979 च्या 25 मे रोजी न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या बसकडे जाताना नाहीसा झाला आणि सारा देश हादरला. 1983 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तोच दिवस बेपत्ता मुलांचा दिन म्हणून जाहीर केला. 1984 मध्ये आयोवा राज्यातल्या एका डेअरीने वर्तमानपत्रं टाकणाऱ्या दोन बेपत्ता मुलांचे फोटो दुधाच्या खोक्यांवर छापले आणि ती पद्धत देशभर पसरली. पण दुधाचं खोकं असतं घरातल्या टेबलावर. पळालेलं पोर घरात थोडंच असतं! एमटीव्ही मात्र त्याच वयाची मुलं पाहत, मित्राच्या खोलीत, कुठेही. त्यामुळे हे फोटो थेट त्या मुलांच्याच डोळ्यांसमोर गेले. या व्हिडिओनंतर 26 मुलं सापडली, असं टोनी के यांचं सांगणं आहे.

इथवर वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण पुढे बॅण्डचे गिटारवादक डॅन मर्फी यांनी 2006 च्या एका मुलाखतीत सांगितलेलं वाचलं. दौऱ्यावर असताना त्यांना एक मुलगी भेटली. तिने मित्राच्या घरी स्वतःचाच फोटो व्हिडिओत पाहिला होता. त्या फोटोमुळे तिला घरी परतावं लागलं. आणि घर असं, की ते सोडून जाण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. तुम्ही माझं आयुष्य बिघडवलंत, असं ती त्यांना हसत हसत म्हणाली.

दुसऱ्या एका मुलीचा बाप त्यांना भेटला. ती पळाली नव्हतीच. आईनेच तिला मारून घरामागे पुरलं होतं. आणि ब्रिटनच्या आवृत्तीत दिसणाऱ्या, 1991 मध्ये बेपत्ता झालेल्या दोन तरुण मुलींचे अवशेष 2007 मध्ये मार्गेट इथल्या एकाच घराच्या बागेत निघाले. सोळा वर्षांनी!

म्हणजे एकाच गाण्यात एकामागून एक येणारे हे चेहरे, पण प्रत्येकाची गोष्ट निराळी. कुणी चुकलेलं, कुणी मेलेलं, आणि कुणी जिवाच्या भीतीने स्वतःहून निघालेलं. फोटोखाली मात्र सगळ्यांच्या एकच शब्द, बेपत्ता.

त्या हसणाऱ्या मुलीने माझी झोप उडवली, कारण माझ्या वर्गातही असा एक मुलगा होता. आठवीतला. एकदा पळून मुंबईला गेला. आठवडाभराने वडील त्याला धरून घेऊन आले. आम्ही शिक्षकांनी सुटकेचा श्वास सोडला. मी त्याला वर्गासमोर उभं करून आईबापांच्या काळजीवर चांगलं दहा मिनिटं ऐकवलं. तो मान खाली घालून उभा होता. शर्टाची बाही तो सारखी खाली ओढत होता, हे मला दिसलं होतं. पण का पळालास, हे मी विचारलं नाही. मुलगा परत आला, हजेरीपटात पुन्हा 'ह' लागला, माझ्या लेखी विषय संपला.

दोन महिन्यांनी तो पुन्हा गेला. त्यानंतर आला नाही.

2019 मध्ये हेच गाणं दुसऱ्या गायकांनी नव्याने गायलं. तेव्हा पाहणारा जिथे असेल तिथल्या आसपासच्या बेपत्ता मुलांचे फोटो त्यात येत. उत्तम सोय होती. मुलं शोधायलाच हवीत, यात वाद नाही. पण सापडल्यावर त्याला घराच्या दारात सोडण्याआधी कुणीतरी शेजारी बसून विचारायला हवं, बाळा, का गेला होतास? आणि उत्तर येईपर्यंत थांबायला हवं.

असो. तुमच्यापैकी जे अजून शिकवत आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिलं. बाही ओढणारं पोर दिसलं तर तेवढं विचारा.