जलरसायनाच्या संगणकीय प्रतिमानांतील दोषशोधन : एक ऐतिहासिक टिपण

रॉबर्ट गॅरल्स आणि मेरी थॉम्प्सन यांनी १९६२ साली समुद्राच्या पाण्याचे रासायनिक प्रतिमान प्रसिद्ध केले, तेव्हा अशा कामासाठी तयार आज्ञावल्या नव्हत्या. २५ अंश सेल्सिअस तापमान आणि एक वातावरण दाब गृहीत धरून, कोणता आयन मोकळा आहे व कोणता दुसऱ्याशी जोडीने बांधला गेला आहे, याचा हिशेब त्यांनी टप्प्याटप्प्याने सुधारत नेला. त्यानुसार सोडियम ९९ टक्के मोकळा राहतो. सल्फेट केवळ ५४ टक्के, आणि कार्बोनेट तर अवघा ९ टक्के. अशा हिशेबात चूक शिरली तर ती कोणत्या पायरीवर शिरली, हे कागदावर शोधता येत असे. गणित यंत्राकडे गेल्यावर चुकीची जागा बदलली.

१९७४ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ट्रूसडेल व जोन्स यांनी ‘वॉटेक’ ही आज्ञावली पीएल-वन भाषेत सिद्ध केली. १९७६ साली तिचे फोर्ट्रान रूप आले. लवकरच अशा आज्ञावल्या इतक्या झाल्या की त्यांची आपापसांत तुलना करणे अगत्याचे ठरले. नॉर्डस्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली ती प्रसिद्ध केली. एक नदीचे पाणी, एक समुद्राचे. तीच विश्लेषणे निरनिराळ्या आज्ञावल्यांना देण्यात आली. प्रमुख घटकांबाबत उत्तरे बरीचशी जुळली. अल्पांश घटकांबाबत मात्र काही ठिकाणी ती अनेक पटींनी भिन्न निघाली. समीकरणे सोडवण्याच्या रीतीत याचे मूळ फारसे नव्हते. साम्यस्थिरांक वेगळे, विचारात घेतलेल्या संयुत आयनांच्या याद्या वेगळ्या, क्रियाशीलतेची सूत्रे वेगळी. व्याकरण एकच आणि शब्दकोश निराळे, असा हा प्रकार होता.

१९८० मध्ये ‘फ्रीकी’ आणि १९९५ मध्ये डेव्हिड पार्कहर्स्ट यांची ‘फ्रीकसी’ प्रसिद्ध झाली. पीएच, रेडॉक्स व इक्विलिब्रियम या शब्दांचे तुकडे जोडून हे नाव घडले असून अखेरचा ‘सी’ ती आज्ञावली ज्या भाषेत लिहिली त्या भाषेचा आहे. समीकरणे न्यूटन-रॅफ्सन रीतीने सुटतात. उत्तर स्थिरावले नाही तर आज्ञावली आपली परिमाणे बदलून पुन्हा प्रयत्न करते, आणि सर्व प्रयत्न फसले तरच थांबते. अभ्यासक या थांबण्यालाच दोष समजतात. तो समज तपासून पाहण्याजोगा आहे.

समजा, प्रयोगशाळेने पाण्याची क्षारता बायकार्बोनेटच्या रूपात लिटरमागे १२२ मिलिग्रॅम, म्हणजे २ मिलिसममूल्य, कळवली. अभ्यासकाने रूपाचा उल्लेख न करता केवळ आकडा भरला. फ्रीकसीच्या मूळ माहितीसंचात क्षारता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने धरली जाते. त्यामुळे ती २.४४ मिलिसममूल्य होते. ऋणभार ०.४४ ने वाढला. आता विद्युद्भाराचा तोल क्लोराइडवर साधावा अशी सूचना दिलेली असेल, तर लिटरमागे सुमारे १५.५ मिलिग्रॅम क्लोराइड कमी करावे लागते. पाण्यात ४० मिलिग्रॅम क्लोराइड असेल तर ते निमूटपणे २४.५ होते, गणित पुरे होते आणि चूक तोलात विरून जाते. मुळात १० मिलिग्रॅमच असेल तर उणे क्लोराइड संभवत नाही, आज्ञावली थांबते. दोन्ही ठिकाणी चूक एकच. थांबलेल्या गणिताने ती उघड केली, पुऱ्या झालेल्याने लपवली. परिमाणे सैल करून गणित कसेबसे पुरे करून घेणारा अभ्यासक हाती आलेला पुरावाच पुसून टाकतो. तोलाची सूचना काढून मूळ विश्लेषणातील भारफरक पाहणे हे पहिले काम होय.

तीव्र लवणजलाला सौम्य द्रावणांची सूत्रे लावल्यासही गणित बिनतक्रार पुरे होऊ शकते. त्यासाठी पिट्झर यांच्या समीकरणांवर आधारलेली आवृत्ती १९८८ साली निघाली.

ऑक्सिडीकरण-क्षपणाचा प्रश्न याहून बिकट आहे. ‘पीई’चे मूल्य दिले नाही तर फ्रीकसी ते ४ धरते, आणि एकूण लोहाची द्विसंयुज व त्रिसंयुज अशी वाटणी त्या ४ वरून होते. परंतु मोजलेले मूल्य भरल्यानेही शंका मिटत नाही. लिंडबर्ग व रनेल्स यांनी १९८४ साली ‘सायन्स’मध्ये दाखवले की, एकाच भूजलातील निरनिराळ्या रेडॉक्स जोड्यांवरून काढलेली विभवमूल्ये परस्परांशी जुळत नाहीत, आणि प्लॅटिनम विद्युदग्राने मोजलेल्या मूल्याशीही जुळत नाहीत.