पितळ पावसाळ्यात का तडकतं? रायफलच्या पुंगळीपासून चाकणच्या प्रेस शॉपपर्यंत

मी सॉफ्टवेअरवाला. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये प्रेसला सेन्सर लावून डॅशबोर्ड बनवायचं काम होतं. तिथे पितळेच्या पत्र्यातून सेन्सरची छोटी टोपी ओढून काढायचे. जूनमधल्या लॉटचं सगळं व्यवस्थित होतं. टनेज हिरवं, माप हिरवं, तपासणी पास. तीन आठवड्यांनी माल पाठवायला काढला, तर प्रत्येक ट्रेमध्ये पाच-सात टोप्यांना काठापासून खाली उभी चीर. कोणी हात लावला नव्हता, कुठे आपटलं नव्हतं. आधी माझ्या डेटावरच संशय आला, आणि तो साहजिकही होता.

टूलरूममधल्या काकांनी एक टोपी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "रॅक कुठे होता?" रॅक मुतारीच्या भिंतीला लागून होता. मग ते म्हणाले, "हे काडतुसाचं दुखणं आहे." तिथून मी या विषयात शिरलो.

तर आधी काडतूस. बंदूक उडाली की जी रिकामी नळी बाहेर पडते, तिला आपण पुंगळी म्हणतो. ती बहुतेक वेळा ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची असते. हे पितळ निवडण्याचं कारण म्हणजे ते फाटल्याशिवाय खूप ताणलं जातं. शिवाय बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते, गॅस मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरला की थोडी आक्रसते. ती आक्रसली नाही तर आतच अडकेल.

पुंगळी बनते ती आपल्याकडच्या डीप ड्रॉइंगच्या पद्धतीनेच. गोल ब्लँक कापायचा, पंचाने डायमधून दाबून कप करायचा आणि तोच कप पुन्हापुन्हा लहान डायमधून ओढायचा. पहिल्या ड्रॉला ब्लँकचा व्यास पंचाच्या साधारण दुपटीपर्यंत चालतो, पुढच्या ड्रॉमध्ये तेवढंही जमत नाही. इन्सास रायफलच्या ५.५६ मिमी काडतुसाची पुंगळी ४५ मिमी लांब आणि बुडाशी साधारण ९.६ मिमी जाड. म्हणजे लांबी व्यासाच्या साडेचार पटींहून जास्त. एका दणक्यात हे होत नाही, अनेक ड्रॉ लागतात.

प्रत्येक ड्रॉनंतर पितळ कडक होतं. मऊ पितळेची कडकपणाची चाचणी घेतली तर ठोकळमानाने ६५ ते ८० व्हिकर्स येतात, चांगलं ओढलेल्या पितळेचे १५०च्या वर. आतले कण चेपून लांबट झालेले असतात आणि पुढे सरकायला जागा उरलेली नसते. तसंच पुढे ओढलं तर फाटणार. म्हणून मध्ये मध्ये अ‍ॅनीलिंग करतात: भट्टीत तापवून जुन्या चेपलेल्या कणांच्या जागी नवे कण तयार होऊ द्यायचे, मग अ‍ॅसिडने धुवून पुढचा ड्रॉ. जास्त तापवलं तर कण मोठे होतात आणि ओढल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. प्रेसवर काम केलेल्या कोणालाही ही साल ओळखता येते.

शेवटी पुंगळीची मान अरुंद करतात आणि फक्त मानेला पुन्हा उष्णता देतात. सैन्याच्या काडतुसांवर मानेजवळ निळसर-तपकिरी झाक दिसते, ती याचीच खूण. बूड मात्र मुद्दाम कडक ठेवतात, कारण मागून आधार कमी असतो आणि दाब त्यालाच झेलायचा असतो. बूड मऊ पडलं तर पुंगळी फुटून गॅस नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. एकाच वस्तूत एक टोक कडक, दुसरं मऊ: प्रेसवाल्यांसाठी यात शिकण्यासारखं खूप आहे.

परदेशात हौशी लोक हेच उलट्या बाजूने करतात. कारखान्यात नसलेलं काडतूस स्वतः घडवतात, त्याला 'वाइल्डकॅट' म्हणतात. अमेरिकन सैन्याच्या १९०६च्या .३०-०६ पुंगळीची मान आणखी अरुंद करून .२५-०६ तयार झालं, आणि बरीच वर्षं हौशी लोकांच्या हातात राहिल्यावर १९६९ मध्ये रेमिंग्टनने ते अधिकृत केलं. मान अरुंद करताना धातू कुठे जाणार? भिंत जाड होते, लांबी वाढते, कडकपणा वाढतो. अ‍ॅनीलिंग केलं नाही तर मान चिरते, कधी लगेच, कधी महिन्यांनी कपाटात ठेवल्याठेवल्या. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं १९५९च्या शस्त्र अधिनियमाने गुन्हा आहे, त्यामुळे हे घरी करायचं काम नाही. आपल्याकडचं .३१५ काडतूसही सैन्याच्या .३०३ पासून वेगळं ठेवलेलं, ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिमी मॅनलिखरवर बेतलेलं आहे. त्याच्या बुडावर दिसणारी 'केएफ' अक्षरं किरकीची, म्हणजे आपल्या खडकीची. १८६९चा तो दारूगोळा कारखाना पिंपरीहून जुन्या महामार्गाने निघालात तर हॅरिस ब्रिज ओलांडल्यावर फार लांब नाही.

आता काकांच्या 'दुखण्याकडे'. ब्रिटिशांच्या सैन्याला भारतात एक विचित्र अनुभव आला. पावसाळ्यात मोहिमा थांबायच्या आणि काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवली जायची. पावसानंतर काढली तर बऱ्याच पुंगळ्या तडकलेल्या, विशेषतः गोळी आवळून बसवतात त्या जागी. याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. कारण पक्कं सांगितलं ते १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी: घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि ओढलेल्या पितळेत राहून गेलेला ताण, दोन्ही मिळून.

एकटा ताण पितळ तडकवत नाही, एकटा अमोनियाही नाही. हवेतला ओलावा आणि अमोनिया मिळून तांब्याशी संयुग बनवतात, ते कणांच्या सीमांवर आधी चढतं आणि आतला ताण ती बारीक चीर उघडत नेतो. जस्त १५ टक्क्यांच्या वर गेलं की धोका वाढतो. आमच्याकडे तिन्ही गोष्टी होत्या: ३० टक्के जस्त, शेवटच्या ड्रॉचा ताण आणि मुतारीची भिंत. तबेल्याऐवजी मुतारी, एवढाच फरक.

उपाय वाटतो त्यापेक्षा सोपा आहे, पण इथे बरेच जण गल्लत करतात. ताण काढायला पूर्ण अ‍ॅनीलिंग लागत नाही. साधारण २५० अंशांना तासभर ठेवलं तरी आतला ताण बराच उतरतो आणि कडकपणा जवळपास तसाच राहतो. ४०० अंशांच्या वर नेलं तर टोपी मऊ पडेल आणि बसवताना दबेल. ग्राहकाला कडक टोपी हवी होती, म्हणून कमी तापमानच योग्य. ताण खरंच गेला का, हे बघायला नमुने अमोनियाच्या वाफेत ठेवायची प्रमाणित चाचणी आहे. पूर्वी पाऱ्याच्या क्षारात बुडवायचे, पण पारा विषारी.

त्या शॉपने तो लॉट भंगारात घातला, रॅक हलवला आणि शेवटच्या ड्रॉनंतर ओव्हन आणला. माझ्या डॅशबोर्डवर आता टनेजच्या शेजारी आणखी दोन रकाने आहेत: ओव्हनचं तापमान, आणि ड्रॉ झाल्यापासून ओव्हनमध्ये जाईपर्यंत गेलेले तास. दुसरा रकाना काकांनी सांगितला म्हणून घातला, मला सुचला नव्हता.