पटावरची नावे

कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरपासून काही मैलांवर काले हे गाव आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊराव पाटील यांनी तेथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. खेड्यातील शाळांचा पट घटत असल्याची चिंता आज सर्वत्र ऐकू येते. अशा वेळी या परिसराचा इतिहास आठवणे उचित ठरेल.

शेजारच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. सातारा जिल्हा ब्रिटिश अमलाखाली. तेथे हा कायदा लागू नव्हता. भाऊरावांनी मग लोकांच्या विश्वासावर भिस्त ठेवली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह उघडले. सर्व जातींची मुले तेथे एका पंक्तीस जेवत. त्यांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले.

१९३५ मध्ये त्यांनी ग्रामीण शिक्षक घडविणारे अध्यापक विद्यालय काढले आणि १९३८ पासून शाळा नसलेल्या वाड्यावस्त्यांवर ‘व्हॉलंटरी शाळा’ सुरू केल्या. हाती तयार शिक्षक होते. इमारतीवाचून काही अडले नाही. देऊळ, चावडी, धर्मशाळा, जेथे सावली मिळेल तेथे वर्ग भरला. या शाळांची संख्या पुढे ५७८ झाली.

आज इमारती आहेत, मुले कमी आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कोष्टकानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. दोघांनी पाच इयत्ता सांभाळायच्या! हे पाहून पालक मूल दुसरीकडे घालतो, पट आणखी घटतो आणि उरलेल्या मुलांची आबाळ वाढते. कागदी पटानेही हानी केली. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत हजेरीपटावरची लक्षावधी नावे वर्गात आढळलीच नाहीत. २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळा समूह शाळांत एकत्र करण्याचा विचार शासनाने मांडला. मोठ्या शाळेत सोबती व शिक्षक अधिक मिळतील हे खरे. परंतु शाळा दूर गेली की प्रथम घरी बसते ती मुलगी, आणि ऊसतोड मजुराचे मूल.

ज्यांना निवड परवडते, ते आपण निवड करून मोकळे होतो. मागे राहिलेल्या पंधरा मुलांची विचारपूस मात्र कोणी करावी? आपले मूल तेथे नसले, तरी ती शाळा आपल्याच गावची आहे.