गुंड्या

चिंचवडमधल्या आमच्या शेजाऱ्यांनी पिल्लाचं नाव गुंड्या ठेवलं. घरातल्या आजोबांना दूरदर्शनवरचं ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ अजून तोंडपाठ आहे! चिं. वि. जोशींच्या कथांवरची ती मालिका सत्तरच्या दशकातली. प्रभावळकरांचा चिमणराव, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. सोसायटीतली तरुण मंडळी मात्र दचकली : कुत्र्याला गुंड म्हणायचं?

पण ‘गुंड’चं मूळ गोलाईत असावं. कन्नडमध्ये ‘गुंडु’ म्हणजे गोल दगड, तोफेचा गोळा. तमिळमध्ये बंदुकीची गोळी आणि लठ्ठही. आपल्याकडे सदऱ्याची गुंडी, पाण्याचा पितळी गुंड, सुताचा गुंडा आणि रोजचं गुंडाळणं हे त्याच गोतावळ्यातले. माणसांची नावंही जुनी. तेराव्या शतकातले रिद्धपूरचे गोविंदप्रभू म्हणजेच गुंडम राउळ. कन्नडमध्ये गुंडप्पा आजही भेटतात.

दांडगाईचा अर्थ पुढे इतका पसरला की इंग्रजांनी 1923 साली बंगालमध्ये ‘गुंडा’ कायदाच केला. आता बातम्यांमध्ये तेवढाच अर्थ उरलाय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमचे कन्नड, तमिळ बोलणारे सहकारी असतील, तर त्यांना ‘गुंडु’चा अर्थ जरूर विचारा. गुबगुबीत पिल्लाला ‘गुंड्या’हून नेमकं नाव नाही.